पाटीवर मी घातलेलं ‘आधुनिक’

बाबा, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय. गावातल्या दुकानाच्या पाटीवर ‘केशकर्तनालय’च्या आधी मी लाल रंगानं ‘आधुनिक’ घातलं, तेव्हा वस्तरा पट्ट्यावर घासत तुम्ही विचारलंत, “म्हणजे काय रे?” मी शाळा सातवीत सोडलेली, तालुक्याच्या दुकानांवर वाचलं होतं एवढंच. “नवं,” म्हटलं. तुम्ही म्हणालात, “खुर्ची जुनी, वस्तरा जुना, मीही जुना. नवा तू एकटाच, मग तूच बस पाटीवर.” गिऱ्हाईकं हसली. मी रुसून बंगळूर गाठलं. पाटी मात्र तुम्ही पुसली नाहीत.

इथं बंगळूरच्या येलहंक्यात आमच्या मालकांनी दुकान मॉडर्न केलंय. चारी भिंतींना आरसे, फोनवर नंबर लावायचा, गिऱ्हाइकाच्या घरी जाणं बंद. परवा एक बाई आल्या, इथल्याच जुन्या, घरात मराठी बोलणाऱ्या. सासरे अंथरुणाला खिळलेत, दाढी करायला कुणी येईल का, विचारत होत्या. मालक म्हणाले, “इल्ला अक्का, नाही जमणार, ते जुन्या काळातलं. आता आम्ही मॉडर्न.” तो शब्द दिवसभर डोक्यात घुमत राहिला, कात्रीत लक्ष लागेना.

मंगळवारी दुकानाला सुट्टी. मालकांना न सांगता त्या बाईंच्या घरी गेलो. कोमट पाणी, दोन बोटांनी गाल ताणून हलका हात, सगळं तुमच्यासारखं. झालं, आणि बघतो तर आरसा आणलेलाच नाही. भिंतभर आरशांत राहून हातात धरायची सवयच गेली. तुम्ही तर म्हणायचात, आरसा दाखवल्याशिवाय काम संपत नाही. मग फोनचा कॅमेरा उलटा केला आणि समोर धरला. आजोबा बघत राहिले. “मिशी डावीकडं स्वल्प जास्त आहे,” म्हणाले. मी परत कात्री घेतली.

आधुनिक म्हणजे हेच असेल का? की मनाला बरं वाटावं म्हणून मी आपलं जुळवतोय? एवढं लिहिताना चारदा उठलो.

तुमच्या शेवटच्या दिवाळीला गावी आलो, तेव्हा तुमचे हात थरथरायचे, दाढी वाढलेली. म्हणालात, “कर बघू तुझं आधुनिक.” मी म्हटलं, दाढीची मशीन बंगळूरलाच राहिली. तुम्ही “बरं” म्हणून भिंतीकडं वळलात.

हा कागद पाठवणार कुठं, ब्लेडच्या डब्याखाली ठेवतो. मशीन बॅगेतच होती, बाबा. तुम्ही चूक काढाल म्हणून भ्यालो.