कासवाच्या फोटोतल्या दोन बांगड्या

कसबा पेठ, पुणे ११
मंगळवार

ती. दादास सुहासचा नमस्कार, वहिनींनाही.

तुझं कानाचं नवं यंत्र आलं का, आणि आलं असल्यास ते तू कानात घालतोस की खिशात, ते आधी कळव. (मागच्या वेळी फोनवर मी वीस मिनिटं बोलले आणि शेवटी तू "कोण बोलतंय?" म्हणून विचारलंस. म्हणून हे पत्र.) वहिनींच्या गुडघ्याला उतार असेल असं धरून चालते. जुन्नरला ऊन तापलं असेल. आमच्याकडे तापायला ऊन लागत नाही, घरातली दोन माणसं पुरतात. पाकिटाला भाताची शितं चिकटलेली दिसली तर नवल करू नकोस. पोस्टाची पेटी आमच्या दारापासून शंभर पावलांवर आहे, तरी माझं पत्र तिथे पोचायला एक दिवस लागतो, कारण ते टाकायला हे नेतात. तेवढ्या वेळात ते फोडलं जातं, वाचलं जातं आणि शितांनी परत चिकटवलं जातं. एक्केचाळीस वर्षं ही सेवा विनामूल्य चालू आहे. असो.

आम्ही जानेवारीत अंदमानला जाऊन आलो हे तुला ठाऊकच आहे. यांच्या सत्तरीनिमित्त वरदने आम्हां दोघांना ती सहल भेट दिली. (पोरगा हिंजवडीला नोकरी करतो, त्यामुळे भेट देणं त्याला भेटायला येण्यापेक्षा सोपं जातं.) त्यात यांनी पाण्याखाली चालणारा एक छोटा कॅमेरा घेतला आणि समुद्रातल्या जीवसृष्टीचं छायाचित्रण करणार असं पेठेत जाहीर करून टाकलं. दादा, या माणसाने चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणांच्या फायली सांभाळल्या, पण घोट्यावर पाणी आलं की यांना घाम फुटतो. तरी तयारी दांडगी. बादलीत दोन टोमॅटो, चार मिरच्या आणि कोथिंबिरीची जुडी सोडून त्यांचे फोटो काढायचे. पुढे पुढे तर तोंडावर पाण्याखाली बघायचा काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, अशा थाटात खुर्चीत बसून बातम्या बघायला लागले. आमची बायडाबाई एकदा कामाला आली ती यांना बघून दारातूनच परत फिरली, आणि त्या दिवशीची भांडी मी घासली. कोथिंबीर मात्र फोटोत फार सुंदर आली होती.

तिकडे एका बेटावर आम्हाला होडीतून नेलं. मुखवटा लावायचा, नळीतून श्वास घ्यायचा आणि पालथं तरंगत समुद्राचा तळ बघायचा, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. बरोबर कासिम नावाचा वाटाड्या होता, भला माणूस. त्याने यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि हात जोडून सांगितलं की काका, मिशी काढा, नाहीतर केसांतून पाणी आत येईल. झालं! ही मिशी आजवर एकदाच उतरली आहे, माझे सासरे गेले तेव्हा, आणि ती एखाद्या माशासाठी उतरणार नाही, असं यांनी त्याला मराठीतून ऐकवलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण समजलं. मग कंबरभर पाण्यात उतरून यांनी तोंड बुडवलं, आणि मुखवट्यात पाणी, नाकात पाणी, पोटात पाणी. तीनदा मुखवटा बदलून घेतला. तिन्ही सदोष निघाले. (मिशी निर्दोष.) अकरा मिनिटांनी हे होडीत परत आले, थोडं ओकले, कॅमेरा माझ्या हातात देऊन "धर जरा" म्हणाले आणि सहल कंपनीच्या योगेशकडे लेखी तक्रारीसाठी कागद मागू लागले.

आणि मी कॅमेरा धरून पाण्यात उतरले.

तुला आठवतं का दादा, मी आठ वर्षांची असताना तू मला आपल्या मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतंस? दोन दिवस पाठीला सुकवलेला भोपळा बांधलास, तिसऱ्या दिवशी भोपळा सोडलास आणि दिलंस ढकलून. आईने तुला दांडक्याने मारलं, पण मी तरले. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा मला पोहता येतं असं मी एकदाच बोलले होते. सासूबाई म्हणाल्या, कशाला? त्या "कशाला"ला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. त्यामुळे एक्केचाळीस वर्षं पाण्याशी संबंध आला तो कपडे पिळण्यापुरता. पण त्या दिवशी पंजाबी ड्रेसवर ते फुगीर जाकीट घालून मी पालथी पडले आणि हातपाय आपोआप चालायला लागले. अरे, काय होतं तिथे खाली! पोपटी मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा चक्क करकर आवाज येत होता. नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांचे चिमुकले एका जागी लपाछपी खेळत होते. वाळूत समुद्रकाकड्या पडल्या होत्या. (आपल्या काकडीशी काही संबंध नाही, त्या जिवंत असतात आणि कोशिंबीर होत नाही.) आणि मग कासव. घमेल्याएवढं, एकटं, तळाचं गवत खात होतं, निवांत, जसं कुणी दुपारची मेथी निवडत बसावं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाबरलं नाही, निघूनही गेलं नाही, परत खाली बघून खायला लागलं. मला किती आनंद झाला ते मला लिहिता येत नाही. मुखवट्यात पाणी आलं, आणि मला तर मिशीही नाही.

मी सात फोटो काढले. सहा हलले, एक आला. उजव्या हातात कॅमेरा होता आणि डावा मी नकळत त्याच्याकडे पुढे केला होता, तो खालच्या कोपऱ्यात आलाय, दोन हिरव्या बांगड्यांसकट. चांगल्या पंचवीस मिनिटांनी मी वर आले तेव्हा हे पाण्याकडे पाठ करून तक्रारीचं तिसरं कलम लिहीत होते. मला पाहून म्हणाले, "कॅमेरा भिजला नाही ना?"

पुण्याला आल्यावर यांनी तो फोटो पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली नाव नव्हतं. चौसष्ट अंगठे आले. मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथकाका (ज्यांनी आजवर कुणाचं कौतुक केल्याची नोंद नाही) स्वतः घरी आले आणि यांचा हात हातात घेऊन वाहवा म्हणाले. मी चहा घेऊन दारात उभी होते. हे माझ्याकडे बघत होते आणि मला खरंच वाटलं की आता सांगतील. यांनी साखर मागितली. त्या आठवड्यात "आपल्याला कासव मिळालं" चालू होतं, पुढच्या आठवड्यात "आम्ही टिपलं" आणि होळीपर्यंत "मी श्वास रोखून थांबलो" इथवर मजल गेली. बांगड्यांचा कोपरा तेवढा कापला गेला. रचनेला बाधा येते म्हणे.

आता येत्या रविवारी मंडळात यांचं व्याख्यान आहे, "कासवाशी नजरानजर". कासव कसं दिसतं हे यांना माहीत नसल्यामुळे तयारी माझ्याकडूनच चालते. सकाळी चहा घेताना वही उघडून विचारतात, ते डावीकडे वळलं की उजवीकडे? डोळे कसे होते? मला कसं वाटलं असेल? मी सांगते आणि हे लिहून घेतात. माझ्या आयुष्यातली ती पंचवीस मिनिटं आता यांच्या अक्षरात आहेत. वरदला फोन केला तर म्हणाला, "आई, चिल ना, फॅमिलीचाच फोटो आहे, क्रेडिट कशाला हवंय?" याच वरदचं काम गेल्या दिवाळीत साहेबाने स्वतःच्या नावावर दाखवलं, तेव्हा हा तीन दिवस फराळाला शिवला नव्हता. मी त्याच्या उशाशी बसले होते.

तू म्हणशील, सुहास, एका फोटोसाठी केवढं लावून धरलंयस. पण निमंत्रणपत्रिका आली आहे, ती सोबत पाठवते. त्यात माझं नाव नाही असं मुळीच नाही. वर मोठ्या अक्षरांत "छायाचित्रे व निवेदन : श्री. दीनानाथ रहाळकर", आणि तळाला "अल्पोपाहार : सौ. सुहासिनी रहाळकर". साठ माणसांचे बटाटेवडे आहेत.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना तिळाचं तेल कोमट करूनच लावायला सांग.

तुझी,
सुहास

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. व्याख्यानाला प्रमुख पाहुणा तू आहेस, निवृत्त मुख्याध्यापक म्हणून. गुडघे, ऊन, एसटी, काही कारण सांगू नकोस, ये. यांचं बोलणं संपलं की फक्त एवढं म्हण : मूळ फोटो दाखवा, आणि कोपऱ्यातल्या बांगड्या कोणाच्या ते सांगा. यंत्र कानात घालून ये. उत्तर तुला ऐकू आलं पाहिजे.

आणखी एक ता. क. : अहो, इथवर आला असाल तर उभ्याने वाचू नका, बसा. सकाळची गोळी राहिली असेल तर घ्या. पाकीट चिकटवायची घाई नाही, फाडून टाकलंत तरी चालेल. याच पत्राची आधीच लिहून ठेवलेली प्रत आणि त्या कॅमेऱ्याचं कार्ड शेजारची अपूर्वा शनिवारी नारायणगावला माहेरी गेली, तिच्या हाती दादाकडे पोचलंसुद्धा. दादा येतोय. पत्रिका छापून झाल्या आहेत, पण व्याख्यान व्हायला अजून पाच दिवस आहेत, तेव्हा पहिल्या वाक्यात काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही काहीही म्हणालात तरी वडे मी करणारच आहे.

एक मात्र मला दादासमोर विचारायचं नाही, म्हणून इथे विचारते. कासवाने माझ्याकडे मान वर करून पाहिलं हे तुम्ही वहीत लिहून घेतलंत. मी पाण्यात होते त्या पंचवीस मिनिटांत तुम्ही एकदा तरी मागे वळून पाहिलंत का?