वहिनीच्या पट्ट्याचं माप

दि. ३ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र वाचताना हातातली सुई बाजूला ठेवा, नाहीतर हसता हसता बोटात जाईल. तुमच्या वहिनीला कमरेचा पट्टा हवा आहे. मिरवायचा नव्हे, दुखण्याचा.

झालंय असं, की फिरत्या वाचनालयाच्या गाडीत चढताना डावा पाय पायरीवर टेकला की कमरेच्या खाली, मागे, डावीकडे कळ येते. बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी जागा आहे. अकरा वर्षं ही गाडी चालवतेय, पुस्तकांचे खोके चढवते-उतरवते. आजवर कुरकुरायची ती गाडी, मी नाही. एरवी तुम्हाला कळवलंही नसतं, पण सव्वीस तारखेला चालकांची वार्षिक तपासणी आहे. डॉक्टर तीन वेळा गाडीत चढायला-उतरायला लावतात, एका पायावर उभं करतात. नापास झाले तर गाडी जाणार आणि मी ग्रंथपालबाईंच्या शेजारी शिक्के मारत बसणार. बाईंना बारा महिने सर्दी असते.

तुमच्या दादांनी परवा औषधांच्या दुकानातून एक पट्टा आणला. वजनमाप निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस, जन्मभर लोकांची मापं तपासली, पण बायकोचं माप न विचारताच दुकानात गेला. दुकानदाराने कोणता देऊ म्हणून विचारलं, तर म्हणे सगळ्यात मोठा द्या. वीतभर रुंद आहे, मागे लोखंडी पट्ट्या. बांधून उभी राहिले की मी पहारेकरी दिसते, आणि गाडीत बसले की तो वर सरकून हनुवटीला भेटायला येतो.

तुम्ही नाटक कंपनीचे कपडे शिवता, काटकुळ्या नटाला राजाचं पोट लावून देता. मग भावजयीची कंबर जागेवर ठेवणं तुम्हाला काय जड आहे? कमरेच्या हाडांच्या खालून घेर एक्केचाळीस इंच. दोनदा मोजलाय. हसायचं नाही.

लोभ आहेच, तो टेपने मोजू नये.

आपली,
वहिनी

*

दि. ८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हसायचं नाही म्हणालीस म्हणून जेवण होईपर्यंत कळ काढली. मग दादाचा पट्टा डोळ्यांसमोर आला आणि शिलाईघरातल्या सगळ्याजणींना पत्र वाचून दाखवलं. लहानपणी दादाला माझे बूट आणायला पाठवलं होतं तेव्हाही तो वडिलांच्या मापाचे घेऊन आला होता, पाय वाढेल म्हणून. त्याचा जीव ज्याच्यात अडकतो त्याच्यासाठी तो मोठ्यात मोठं घेतो. त्याला रागावू नकोस.

आता कामाचं. आमच्या नाचणाऱ्या मुलींसाठी दर आठवड्याला एक फिजिओथेरपिस्ट बाई येतात. त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुखणं कुठे आहे ते आधी बघा, पट्टा मग. कमरेच्या मध्यभागी दुखत असेल तर रुंद पट्टा. पण खाली, एकाच बाजूला, आणि पायरी चढताना दुखत असेल तर कणा जिथे ओटीपोटाच्या हाडाला मिळतो तो सांधा कुरकुरतोय. त्याला अरुंद पट्टा लागतो, चार बोटं रुंदीचा, कमरेच्या हाडांच्या खाली घट्ट बसणारा. रुंद पट्टा तिथे नुसता वर पळतो. म्हणजे दादाच्या पट्ट्याचा दोष नाही, तो चुकीच्या घरी पाहुणा आलाय.

खात्री करायची युक्तीही त्यांनी सांगितली. तू पायरी चढताना दादाने मागे उभं राहून दोन्ही बाजूंच्या हाडांवर तळहात ठेवून आत दाबायचं. दुखणं कमी झालं तर अरुंद पट्टाच तुझा. दादाला म्हणावं, मोजायचं नाही, फक्त दाबायचं.

तुझ्या शब्दावर विसंबून पट्टा शिवायला घेतलाही आहे. सैनिकांच्या तलवारपट्ट्यांचं जाड कापड उरलं होतं, त्याचाच करते. एक्केचाळीस म्हणालीस ना? बरं बाई, एक्केचाळीस.

दादाला नमस्कार. लोभ ठेवतेसच, पत्रं जरा लांब लिहीत जा.

तुझी,
नणंद

*

दि. १४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या बाईंची युक्ती केली. जिन्यात मी पुढे, तुमचे दादा मागे, त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेला, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिक्षिका खाली उतरली. साठी ओलांडलेलं जोडपं जिन्यात हे काय करतंय, अशा नजरेने बघून भिंतीला चिकटून गेली. त्यांनी तिला हा प्रयोग आहे असं सांगितलं, त्यामुळे आता ती समोरून येत असली की रस्ता बदलते. पण वन्सं, दुखणं निम्म्याने कमी झालं. मी तीन पायऱ्या चढले आणि मागे वळून त्यांच्याकडे बघतच राहिले.

म्हणून पट्टा आला तेव्हा टपालवाल्याच्या समोरच पुडकं फोडलं. काम देखणं आहे. पण तो सैल होतो. शेवटच्या छिद्रात अडकवला तरी दोन पावलांत खाली येतो. मंगळवारी पुलाजवळच्या थांब्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना रहस्यकथा काढून देत होते, तर तो थेट घोट्यावर उतरला. त्यांनी उचलून दिला आणि कुठल्या घोड्याचा म्हणून विचारलं. तुमच्या हातचं माप चुकतं कसं? मी तर नेमकं सांगितलं होतं.

आता दुरुस्तीला वेळ नाही. मी ठरवलंय, पट्ट्यावरून ओढणी करकचून बांधायची, वरून लांब स्वेटर, दोन गोळ्या घ्यायच्या आणि हसत हसत तीनदा चढून दाखवायचं. डॉक्टर पोरगेलासा आहे, गप्पांत गुंगवीन.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. मागच्या गुरुवारी क्लच दाबताना अशी कळ आली की पाय बधिर झाला. गाडी झाडाखाली लावून अर्धा तास बसून राहिले. थांब्यावर लोक खोळंबले होते, त्यांना इंजिन तापलं म्हणून सांगितलं. गाडी गेली तर माझं काय उरतं, वन्सं? घरात मी कुणाची तरी बायको असते, गाडीत मी मी असते. तुमच्या दादांना यातलं काही कळवू नका.

लोभ असावा, निदान तो तरी घट्ट असावा.

आपली,
वहिनी

*

दि. १८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करते. माझ्या मापांच्या वहीत तुझं पान आहे. तीस वर्षांत जेवढे कोट आणि सदरे तुला शिवले, त्या प्रत्येक वेळी तू घेर तीन इंच कमी कळवलास. मी काही न बोलता तीन वाढवत आले, कपडा बरोबर बसत आला, आणि तू दर वेळी लिहिलंस की बघा, मी म्हटलं तेवढंच माप निघालं ना. या वेळीही सवयीने एक्केचाळीसचे चव्वेचाळीस केले. तू आयुष्यात पहिल्यांदा खरं माप कळवशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

हे लिहून हसत होते. मग तुझ्या पत्रातला गुरुवार पुन्हा वाचला आणि हसू गेलं. वहिनी, तुझी कंबर मी तीन इंच जास्त धरली आणि दुखणं मात्र कितीतरी कमी धरलं. तू हसवत लिहितेस, म्हणून मी सगळ्यांना वाचून दाखवलं. नेमकी जागा बोटाने दाखवता येते असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ऐकलंच नाही. मला माफ कर.

नवा पट्टा सोबत आहे. बाईंच्या सांगण्यावरून मापापेक्षा दोन इंच आखूड ठेवलाय, कारण कापड ताणतं. उभी असताना बांध, आत दोन बोटं कशीबशी जातील इतका घट्ट. काम करताना वापर, बसल्यावर सैल कर, झोपताना काढ. आणि नुसत्या पट्ट्याने भागणार नाही, व्यायाम शिकून घ्यावे लागतील, असं बाईंनी दोनदा बजावलंय. तिकडे कुणी चांगली फिजिओथेरपिस्ट असेल तर या आठवड्यातच गाठ.

रंग बघून दचकू नकोस. विदूषकाच्या अंगरख्याचं भगभगीत नारिंगी कापड मुद्दाम लावलंय आणि बक्कल तळहाताएवढं आहे. कुठल्याही स्वेटरखाली ते लपणार नाही. माणसाचं काय काय झाकायचं हेच मी जन्मभर शिवत आले. हे झाकायला मी मदत करणार नाही. पाय बधिर झाला तेव्हा झाड होतं म्हणून बरं, समोर रस्ता ओलांडणारं पोर असतं तर? रागाव माझ्यावर, हवं तर वर्षभर पत्र लिहू नकोस, पण डॉक्टरांना सांग.

लोभ तुटणार नाही याची मला खात्री आहे, म्हणूनच एवढं लिहायचं धाडस केलं.

तुझी,
नणंद

*

दि. ३० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्यावर चार दिवस रागावले होते. पाचव्या दिवशी पट्टा बांधला आणि राग टिकवणं अवघड झालं, इतका तो जागेवर बसतो. स्वेटरखालून बक्कल असं वर आलं होतं की पोटात बशी लपवल्यासारखी दिसत होते. तरीही मी स्वेटर घालून गेले, हे तुम्हाला कळलेलं बरं.

तपासणीत तीनदा चढले, तीनदा उतरले. एका पायावरही उभी राहिले. डॉक्टरांनी पट्ट्याबद्दल विचारलंच नाही, बहुतेक मी तब्येतीने अशीच आहे असं समजले. कागदावर ‘पात्र’ लिहायला त्यांनी पेन टेकवलं. मी पास झाले होते, वन्सं. नुसतं गप्प बसायचं होतं.

मी स्वेटर वर केला आणि सगळं सांगून टाकलं. किती महिने दुखतंय, गोळ्या, झाड, बधिर झालेला पाय. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. तुमचे दादा बाहेर बाकावर होते, त्यांना आत बोलावलं आणि मला त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगावं लागलं. वाटलं, आता ओरडतील. तर ते डॉक्टरांना म्हणाले, ती सकाळी भिंतीला धरून उठते हे मला केव्हापासून माहीत आहे, विचारलं की चेष्टा करते, म्हणून विचारायचं सोडलं होतं. पस्तीस वर्षांत ते माझ्याबद्दल परक्या माणसाशी एवढं लांब वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

निकाल असा. तीन महिने गाडी बंद. आठवड्यातून दोनदा व्यायाम, मग पुन्हा तपासणी. परत मिळेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मीही तसं वदवून घेतलं नाही.

आजपासून मी शिक्क्यांच्या टेबलावर आहे. सकाळी बदली चालक आला. चांगला माणूस आहे, आरसा मात्र स्वतःच्या उंचीप्रमाणे खाली वळवून घेतलान. गाडी फाटकातून वळली आणि मला रडू आलं. ग्रंथपालबाई नाक पुसत जवळ आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. डोळ्यात काही गेलंय, हे तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, गाडीसाठी रडतेय. बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, आणि गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघींनी एकही शिक्का मारला नाही.

लोभ करता तसाच करत राहा. मला त्याची गरज आहे.

आपली,
वहिनी