दारापुढचा कट्टा

२ डिसेंबर
आलो एकदाचे! खोकी अजून तशीच आहेत, पण आधी हे लिहिते. वर्षभर मी हवा, पाणी, झाडं बघत गावं पारखत होते. नणंद चिडवायची, की वहिनी, लोक मुलीसाठी स्थळंसुद्धा इतकी बघत नाहीत. चिडवू दे! छापखान्यातल्या धुळीनं आणि शहरातल्या धुरानं यांच्या छातीचा पार भाता झाला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जागा बदला, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात यांचं काही खरं नाही. आज स्वारी वसाहतीच्या फाटकापासून घरापर्यंत चालत आली आणि एकदाही दम्याचा पंप ओढला नाही. मी तर रडलेच.

५ डिसेंबर
इथे कचऱ्याचा डबाच नाही! प्रत्येक दारापुढे एक दगडी कट्टा. नको असेल ते त्यावर ठेवायचं, ज्याला हवं तो नेतो. कुणालाच नको असेल तर माळी उचलतो आणि खड्ड्यात घालून त्याचं खत करतो. शेजारच्या काकूंनी हे इतक्या कौतुकानं सांगितलं, जणू त्यांनीच शोधून काढलंय. पथ्य एकच, कट्ट्यावर ठेवलेलं परत घरात घ्यायचं नाही. मी म्हटलं, दिलेलं परत मागायला मी काय लहान पोर आहे? फुटकी बादली ठेवली, ती दुपारपर्यंत गेलीसुद्धा. बागा अशा फुललेल्या, की नणंदेला सांगितलं तर थापा वाटतील. आणि अख्ख्या वसाहतीत कुणी खोकत नाही. दवाखानासुद्धा नाही, बोला!

१० डिसेंबर
थंडी वाढली, यांची छाती भरली. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळचं ऊन द्या. अंगणात झाडांमुळे उन्हाचा कवडसाही नाही. मग कट्ट्यावर खुर्ची मांडली, यांना शाल गुंडाळली, म्हटलं बसा राजासारखे, आणि भांडी घासायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर हीऽ गर्दी! कोपऱ्यावरचा सुतार यांचे दंड दाबून बघत होता. एका बाईंनी तर तोंड उघडायला लावून दात पाहिले. मग सगळे माना हलवत पांगले. हे म्हणाले, चौकशी करत होते बिचारे. काकूंनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, लवकर मन घट्ट केलंत, बरं केलंत. मला वाटलं, शहर सोडल्याबद्दल म्हणतायत.

११ डिसेंबर
सकाळी माळी ढकलगाडी घेऊन दारात. इस्त्रीचे कपडे मागावेत तसे यांना मागितले. मी म्हटलं, डोकं फिरलंय का, ते उन्हाला बसले होते. तो शांतपणे म्हणाला, काल कुणी नेलं नाही, म्हणजे आता माझ्याकडे. असा झापला मेल्याला! दार लावलं.

१२ डिसेंबर
काकूंकडे गेले. वाटलं, हसतील, माळ्याला दटावतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, परत घेतलेलं चालत नाही हो, सगळी वसाहत यावरच उभी आहे. मी विचारलं, तुमचे यजमान? त्यांनी खिडकीतून गुलाबाच्या वाफ्याकडे बोट केलं. अभिमानानं. म्हणाल्या, खोकला लागला होता त्यांना.
निघताना माझी दया आली असावी. म्हणाल्या, एक वाट आहे, बदली. त्याच घरातलं तेवढ्याच तोलामोलाचं दुसरं काही ठेवलं की विषय मिटतो. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी बदलीचं तेवढं पुन्हा विचारून घेतलं.

१४ डिसेंबर
बॅगा भरल्या. फाटकाला कुलूप. फोनला रेंज नाही, कालपासून. लोक दारासमोर उभे असतात. ओरडत नाहीत, काही नाही. फक्त वाट बघतात.

१५ डिसेंबर
पंप संपत आलाय. यांना म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत कुणी तुम्हाला हात लावणार नाही. यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कधी नाही ते —

१६ डिसेंबर
आज रस्त्यावर कुणीच नाही! सुटलो की काय? हे आपणहून उठले, चहासुद्धा केला. म्हणाले, चल, तुझं तोंड किती उतरलंय, जरा उन्हात बस. मी म्हटलं, कट्ट्यावर नको बाई. तर म्हणाले, मी शेजारी बसतो, दोघं असल्यावर कोण काय करणार? खुर्ची यांनीच मांडली. शाल पांघरली. वही हातात दिली. पंप आत राहिला म्हणून आणायला गेलेत.

आतून कडी लागली.

हाक मारली. ओ देत नाहीत. दाराआडच आहेत, तो घरघरता श्वास मला ओळखू येणार नाही? —

सुतार आलाय. काकू डोळे पुसत त्याला सांगतायत, हिला शिवण चांगलं येतं, कुणीतरी न्या — तो मान हलवतोय — ढकलगाडीचं चाक —

अहो, मी रागावले नाही, फक्त दार —

अहो —