भोगीच्या बाजरीला आलेला वास

शनि. १० जाने.
दादा कोकणात कांदा उतरवून टेम्पो घेऊन परतला. धड जेवला नाही. म्हणाला, "तू समुद्रावर डॉल्फिन वाचवायच्या ट्रेनिंगला गेल्तीस ना, देवमाशाची उलटी दाखवली का तितं?"
मी लगेच सुरू. स्पर्म व्हेल, मासा नाही, सस्तन प्राणी, उलटी म्हणजे अंबरग्रीस, महागड्या अत्तरात घालतात, किलोला कोटीचा भाव, पण जवळ बाळगणंही गुन्हा...
"बरं मॅडम," म्हणून उठून गेला. पण का विचारलं?

सोम. १२
उद्या भोगी, गिरणीवर साऱ्या गावाची बाजरी. आई चिडून आली. गिरणीवाले पोपटनाना सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, बाजरीत अत्तर वतलं का? तुमच्या मागनं दळलेल्या समद्यांच्या पिठाला वास मारतोय."
पीठ हुंगलं.  ट्रेनिंगला वनखात्याच्या मॅडमनी जप्त केलेल्या उलटीचा तुकडा हुंगायला दिला होता, तोच वास. शेणाचा, तरी गोड.
घरातल्या बाजरीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी फाटकी पिशवी. आत राखाडी, मेणचट गोळा. चुरा बाजरीत.
आईला सांगितलं नाही.

मंगळ. १३, भोगी
आळीभर हशा. सुमनकाकू : "औंदा भाकरीला तूप नको बाई, सेंट हाय!" मीही हसले. 
दादाला गोठ्यात गाठलं.
"एकानं ठिवाया दिलंय. नेनार हाय तो."
"कोण?"
"तुला काय करायचं? देवमासा मारला का मी? त्यानंच वकलंय. कुनाचं काय गेलं?"
याला भाव आहे तोवर कुणीतरी उलटीसाठी व्हेलचं पोटच फाडेल, म्हटलं. ट्रेनिंगला वाळूत अडकलेल्या डॉल्फिनवर आम्ही ओल्या चादरी टाकत होतो, तेही सांगितलं. श्वास सोडला की माझ्या हाताला ऊब लागायची. शेवटी गेलाच तो.
दादा ऐकत होता. मग म्हणाला, "मला धरून देतीस का?"
मी गाईपुढे वैरण सारत राहिले. दहावीनंतर शिक्षण सोडून टेम्पोचं स्टिअरिंग धरलं त्याने, म्हणून मी बी.एस्सी.

गुरु. १५
दुपारी पोपटनाना स्वतः घरी आले. मोटारसायकलवर दोघं गिरणीवर आले होते. वासाची बाजरी कुणाची, विचारत होते.
"म्या म्हनलं गर्दी व्हती, ध्यानात न्हाई. पर वैनी, मानसं आपल्याकडली न्हाईत."
आई माझ्याकडे वळली; तिला आता सगळं सांगावं लागलं.
दादा पांढराफटक. "ज्यानं दिलं त्याला माझं घर ठाव हाय. तो गिरनीवर कशाला इचारंल? हे दुसरंच कुनीतरी हायेत."
पोलीस? की दुसरी टोळी? दाराला आतून कडी. कुत्रं भुंकलं तरी आई दचकते.

शुक्र. १६
शेवगाव. वनखात्याच्या ऑफिसात बाकावर. पिशवी मांडीवर, वरून ओढणी. साहेब येईपर्यंत लिहितेय.
सकाळी दादा आपणहून म्हणाला, "चल, देऊन टाकू."  फाटकाशी मला उतरवलं. "तू हो फुडं, मी गाडी लावून आलो."
आपणहून दिलं तर सोडतात का? ट्रेनिंगला हे कुणी विचारलंच नव्हतं.
शिपाई : "काय काम हाय ताई?"
"साहेब आल्यावर सांगते."
"वास कशाचा येतोय?"
ओढणी पिशवीभोवती आणखी गुंडाळली.
दादाचा फोन बंद. रस्त्यावर टेम्पो वाजला की मान वर होते. पळाला? की त्या दोघांनी वाटेत...
साहेबांची जीप आली. आता पहिला प्रश्न हाच असेल, हे कुणी आणलं. दादा, ये ना रे. तू नाही आलास तर मी कुणाचं नाव...