शिट्टीची पडवी

मी, अल्झीना फोंटेनो, वय ब्याऐंशी, राहणार सेंट ओडील मळा, लुइझियाना, आज पूर्ण शुद्धीत आहे, चष्मा डोळ्यांवर आहे आणि इतरांच्या दडपणाखाली आयुष्य काढलं तेवढं पुरे. माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवते. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. मोठं घर. दर्शनी आठ खांब संगमरवरी दिसतात. आहेत फळ्यांचे, आतून पोकळ. बडा घर पोकळ वासा. उसाच्या मळेवाल्यांनी ते आमच्या पूर्वजांकडून, म्हणजे स्वतःच्या गुलामांकडून, बांधून घेतलं. त्या घराण्यातल्या मिस कोरीनचं म्हातारपण मी काढलं. तिच्या मुलांना गळकं छप्पर नको होतं, म्हणून तिने घर माझ्या नावे केलं. मी छप्पर दुरुस्त करताच मुलांना आईची आठवण झाली. त्यांना माझ्याकडून काहीही मिळू नये.

२. बिडाचं पातेलं शेजारीण युलालीला. तिचं कालवण पाणचट होतं. पातेल्याने सुधारेल अशी आशा नाही.

३. घर माझा भाचा रेमी याला, पण अटीवर. तो ते लग्नसमारंभांना भाड्याने देतो, त्याला माझी ना नाही. मात्र आगीच्या भीतीने वेगळ्या बांधलेल्या स्वयंपाकघरापासून जेवणघरापर्यंत एक पडवी आहे. तिथून ताटं नेताना गुलामांनी सतत शिट्टी वाजवायची, म्हणजे वाटेत घास तोंडात जात नाही. माझी पणजी झेली सात वर्षांची असताना तिचे पुढचे दात पडले. शिट्टी वाजेना. चोरून खाल्लं म्हणून तिला तिथेच चाबकाने फोडलं.

गेल्या वसंतात रेमीने वाढप्यांना त्याच पडवीतून शिट्ट्या वाजवत आणलं. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

"अगं आत्या, लोकांना गंमत वाटते. जुनी रीत आहे!"

"मेल्या, तुझ्या खापरपणजीला फोडलं तीही जुनीच रीत!"

"झालं तुझं रडगाणं सुरू."

ते वाक्य मला चाबकासारखं लागलं. अजून दुखतं.

४. अट अशी. मला पुरल्यावरचं जेवण मोठ्या जेवणघरात व्हावं. प्रत्येक भांडं रेमीने स्वतः पडवीतून आणावं, आणि आणताना त्यातलं खात यावं. साक्षीदारांनी पडवीच्या टोकाशी उभं राहून पाहावं. त्या दिवशी किंवा पुढे कधीही तिथे कुणाला शिट्टी वाजवायला लावली, तर घर आमच्या चर्चला जावं आणि चर्चने ते पाडावं.

रेमी, तो घास झेलीचा आहे. सावकाश चाव.

लिहून देणार: अल्झीना फोंटेनो
साक्षीदार: १. युलाली प्रेजां २. ऑक्टेव्ह सिमोनो
सेंट ओडील मळा, ९ ऑक्टोबर २०१४