आधी नोंदणी, मागून कर

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून मी म्हणजे नवा पिदोय. आमच्या जमीनविक्रीच्या ऑफिसच्या मालकीण मॅडम गुस्तीलोंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, ब्रोकरच्या परीक्षेचा तुझा मागचा वर्ग घोरत होता, मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. ही बॅच आपटली तर वर्ग बंद, आणि तू परत मॉलच्या दारात पत्रकं वाटायला. पत्रकं? मी? अख्ख्या इलोइलो शहरात निम्मे प्लॉट माझ्या जिभेवर विकले गेलेत.

दोष माझा नाही. विषयच कोरडा. जमिनीचे कायदे, कर, नोंदणी. उपाय सापडलाय: विनोद आणि संगीत. माणूस हसला की शिकतो, गायला की विसरत नाही. येताना युकुलेले घेतलं.

यंदा परीक्षेला मीही बसतोय. फॉर्मॅलिटी. मागच्या वेळी खुर्ची डुगडुगत होती, त्याआधी ताप होता, त्याच्याआधीचा तर पेपरच चुकीचा काढलेला. लायसन्स नाही म्हणून प्रत्येक सौद्याला लायसन्सवाल्या ब्रोकरची सही लागते. इतकी वर्षं मॅडमच्या दारात ताटकळतोय. आता बास. बायकोला, मार्लिनला, सगळा बेत सांगितला. म्हणाली, आधी पुस्तक उघड. तिला कलेतलं काय कळतंय!

७ फेब्रुवारी
घात झाला. वर्गात पहिल्या बाकावर सासूबाई! जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्यापासून घरात करमत नाही म्हणे. जावई फीमध्ये सूट देईल, असं मार्लिन म्हणाली, तर यांचं उत्तर: सूट नको, त्याचे उपकार होतील.

प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, मग माझं स्वागतगीत. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी पर्समधून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घातला. वय झालं की कान हळवे होतात.

चर्चमध्ये गाणारा एक होवेन म्हणून आहे. म्हणाला, सर, सूर जरा वर घ्या. घेतला. म्हणाला, नको, खालीच बरा होता. शिकण्याची आवड आहे पोराला.

मग गळक्या छपराचा विनोद सांगितला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला. तेवढ्यात खुर्ची सरकली आणि मी धाडकन खाली. तेव्हा मात्र पोट धरधरून हसले. म्हणजे विनोद पोचला, जरा उशिरा.

१५ फेब्रुवारी, दुपार
मास्टरपीस! घराची मालकी बदलायचं सगळं लफडं दोन ओळींत बसवलं:
आधी नोंदणी, मागून कर,
सुखात नांदो तुझं घर.

सासूबाईंनी एका कानातला कापूस काढला. म्हणाल्या, पिदोय, उलटं आहे हे. कर भरल्याशिवाय नोंदणी कचेरीत दारात उभं करत नाहीत. मी समजावलं, अहो आई, नोंदणीला यमक कुठून आणू? कवीला थोडी सूट असते. तर म्हणतात, कोण देतं, सरकार? वर्ग खो खो हसला. वातावरण किती मोकळं झालंय! आता बाकीच्या धड्यांनाही गाणी.

१६ फेब्रुवारी
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पुस्तक.

१७ फेब्रुवारी, पहाटे
युकुलेलेची तार तुटली. पुस्तक उद्या.

२ मार्च
मधल्या सुट्टीत सगळे मागच्या जिन्यात जमतात. साखरेत तळलेली केळी खातात, मध्ये सासूबाई एक जाडं पुस्तक घेऊन. सगळे मिळून दबक्या आवाजात काहीतरी म्हणत असतात. मी दिसलो की चिडीचूप. कळलं मला! माझ्यासाठी गुपचूप कोरस बसवताहेत. पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि परत वळलो. खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

२० मार्च
पुस्तक उघडायला घेतलं. कपाटात नाही. शेवटी सासूबाईंच्या उशाशी सापडलं, पानापानावर पेन्सिलच्या खुणा. माझं पुस्तक! कधीपासून नेलंय देव जाणे. आता मी अभ्यास करायचा कसा? मार्लिनने विचारलं, गेलंय हे तुला आज कळलं? मी युकुलेले पुसायला घेतलं. कुणी मुद्दाम भांडण काढलं की मी कलेकडे वळतो.

११ एप्रिल
परीक्षा. पेपर अगदी सोपा. आणि प्रश्न काय आला? आधी नोंदणी की आधी कर! माझंच गाणं पेपरात! जरासं गुणगुणलो तर सुपरवायझरबाई धावत आल्या. आवाज बंद, नाहीतर बाहेर, म्हणाल्या. मग पायाने ताल धरला. पेपर सगळाच्या सगळा गाण्यांवर सोडवला. पुढच्या बाकावर सासूबाई. तिथंही कानांत कापूस! हट्टाची कमाल आहे. होवेन माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. त्यालाही कडवं आठवलं असणार.

१८ एप्रिल, सकाळ
निकाल! वर्ग अख्खा पास! एकसुद्धा गळला नाही! विनोद आणि संगीत! मॅडमना लगेच फोन लावला, म्हटलं भाषण तयार ठेवतो. त्यांनी फोनच ठेवून दिला. भारावल्या असतील.

संध्याकाळ
यादीत माझं नाव नाही. टायपिंगची चूक. मार्लिनने यादी वरून खाली, खालून वर पाहिली. मी म्हटलं, पेपर तपासायची पद्धतच सदोष आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग मात्र जवळ येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवू लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल
ऑफिसात पार्टी. पान्सित नूडल्स, केक, गाण्यांचं मशीन. होवेन माइक घेऊन उभा राहिला. म्हणाला, सर, तुमच्या गाण्यांनी तारलं हो आम्हाला! बाईंनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, जिन्यात सांगून ठेवलं होतं, पिदोयच्या गाण्यात जे येईल त्याच्या उलट खूण करायची. एक उत्तर चुकलं नाही! सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग अर्थ डोक्यात शिरला. हातातली पान्सितची प्लेट खाली ठेवली. फार वाईट वाटलं.

जाताना मॅडम म्हणाल्या, वर्ग आता बाई घेतील. त्यांना लायसन्स मिळालं, हाताखाली एक विक्रेता हवाय, तुझं नाव दिलंय. म्हणजे यापुढे प्रत्येक सौद्याला सही सासूबाईंची. घरीच आहेत, ताटकळावं लागणार नाही, एवढं एक बरं.

५ मे
सकाळी मॉलच्या दारात पत्रकं वाटली. तळाला ठळक अक्षरात नाव सासूबाईंचं. एका माणसाने पत्रक घेतलं आणि त्याच पत्रकाने घाम पुसला.

दुपारी वर्ग. युकुलेले घरी ठेवलं. मी पहिल्या बाकावर. बाईंनी आल्या आल्या मलाच उभं केलं. आधी नोंदणी की आधी कर? ओठांवर चाल आलीच. म्हणाल्या, गाऊ नकोस, सांग.

कानांत कापूस नव्हता त्यांच्या. ऐकत होत्या.

आधी कर, मी म्हणालो. मागून नोंदणी. यमक काही जुळलं नाही.

बरोबर, त्या म्हणाल्या. बस खाली.