चिमीला सांगा, ब्लाउज थांबव

अहो,
काल माझा कॅन्सरचा रिपोर्ट ऐकला नि तुमी डबा न घेताच रात्रीच्या ड्युटीवर गेलात. तो भात कोंबड्यांना घातला. ताजा टोपात आहे, जेवूनच झोपा.

मी शेजारच्या रुपाताईला घेऊन सकाळच्या एसटीने ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे जाते. तुमची वाट बघितली असती, पण तुमी परत काहीतरी काम काढून बाहेर गेला असता.

तुमची आय म्हणते, वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन केलं म्हणून छातीत गाठ झाली. तुमाला पण तसंच वाटतं, मला कळतं. तसं नाय हो. गाठ आधीचीच होती. चार महिन्यांत बावीस किलो उतरले, म्हणून तर आंघोळ करताना हाताला लागली. नायतर चरबीत दडून वाढत बसली असती. अजून लहान आहे, बरी होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मला नाचणीची पेज करा. वाटीभरच. तुमी टोपभर करता नि उरली की रुसता.

आणि शिवणकामवाल्या चिमीकडे माझे सहा ब्लाउज आत घ्यायला दिलेत. तिला म्हणावं, कापड कापू नको. डावीकडून किती घ्यायचं, ते छातीचं ऑपरेशन झालं की मी स्वतः येऊन सांगते.

यमू